रस्ता बाहेर ठेवायचं काम

एक्स्चेंजच्या मावशींनी तेहतीस वर्षं लोकांचे फोन जोडून दिले, आणि त्या तेहतीस वर्षांत आपण कुणाचंही बोलणं कान देऊन ऐकलं नाही, असं त्या शपथेवर सांगत. गल्लीत यावर कुणाचाच विश्वास नव्हता. त्यांच्या यजमानांचा, म्हणजे काकांचाही नव्हता. पण काका जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. ज्याची मोजणी करता येत नाही त्याबद्दल मत द्यायचं ते टाळत.

मावशींचे गुडघे गेले, डावीकडच्या दाढा गेल्या, आवाज मात्र होता तसा राहिला. चुकीचा नंबर लागलेले लोक अजूनही त्यांच्याशी दोन मिनिटं जास्त बोलत. या आवाजाचं काय करावं या विचारात त्या निवृत्तीनंतर सहा महिने होत्या. मग त्या बोलत्या ग्रंथालयात जाऊ लागल्या. तिथे दृष्टी नसलेल्या वाचकांसाठी पुस्तकं मोठ्यानं वाचून रेकॉर्ड करून ठेवतात. चार वर्षांत मावशींनी अकरा पुस्तकं वाचली. त्यातलं एक मधमाश्यांचं होतं आणि एक सहकारी संस्थांच्या पोटनियमांचं. दुसरं वाचताना आपल्याला एकदाही डुलकी आली नाही, याचा त्यांना अभिमान होता.

ग्रंथालयाची रेकॉर्डिंगची खोली तिसऱ्या मजल्यावर होती आणि लिफ्ट नव्हती. पाचव्या वर्षी मावशींच्या गुडघ्यांनी दुसऱ्या मजल्यावर राजीनामा दिला. तेव्हा तिथल्या तपासणीच्या बाईंनी, म्हणजे प्रत्येक रेकॉर्डिंग शेवटपर्यंत ऐकून त्यातल्या चुका काढणं ज्यांचं काम त्या बाईंनी, एक माइक आणि एक जाडजूड पुस्तक घरी पाठवलं. पुस्तक हाडं, सांधे आणि स्नायूंचं, तीनशे बारा पानांचं. व्यायामोपचार शिकणाऱ्या एका मुलीला ते हवं होतं. तिला दिसत नव्हतं आणि तिची परीक्षा चार महिन्यांवर होती. मावशींच्या आधी तिघांनी ते पुस्तक उघडून पाहिलं होतं आणि सावकाश बंद केलं होतं.

मावशींनी बैठकीच्या खोलीच्या खिडक्या लावून घेतल्या, पंखा बंद केला, काकांना खोकायचं असेल तर आताच खोकून घ्या म्हणून सांगितलं, आणि पहिली बारा पानं वाचून पाठवली. दुसऱ्या दिवशी तपासणीच्या बाईंचा निरोप आला.

"पान तीन: हॉर्न, चार. पान चार: बस. पान पाच: 'पाना दे रे इकडे.' पान सहा ते बारा: हातोडी. मानेचे मणके पुन्हा वाचावे लागतील."

हातोडी कुणाची हे मावशींना विचारावं लागलं नाही. त्यांचं घर पहिल्या मजल्यावर, अगदी रस्त्यावर. समोर डेंटरचं गॅरेज. ठोकर खाल्लेल्या गाड्यांचा पत्रा ठोकून सरळ करणं हा त्याचा धंदा. सकाळी नऊला तो हातोडी उचले ती संध्याकाळी सहाला खाली ठेवी. हाताखाली एक माणूस होता, त्यालाच तो पाना मागत असे, आणि स्वतःला कमी ऐकू येत असल्यामुळे जगालाही कमी ऐकू येतं अशा समजुतीनं मागत असे.

मावशी आणि डेंटर यांचं अकरा वर्षं बोलणं नव्हतं. अकरा वर्षांपूर्वी मावशींना रात्रपाळ्या होत्या. दिवसा झोप लागेना म्हणून त्यांनी तक्रार केली. तक्रार सगळेच करतात. पण कोणत्या कचेरीतला कोणता फोन वाजला की माणूस खुर्चीतून उठतो, हे मावशींना पाठ होतं. तिसऱ्या दिवशी गॅरेजला टाळं लागलं आणि आठ दिवस राहिलं. आठ दिवसांनी टाळं निघालं, हातोडी सुरू झाली, आणि तेव्हापासून डेंटरनं मान वर करून पहिल्या मजल्याकडे पाहिलं नाही. काका मात्र आपल्या स्कूटरचं मडगार्ड त्याच्याकडूनच सरळ करून आणत. घरी ते "पलीकडच्या चौकातून" करून आणलंय असं सांगत.

"त्याला थोडा वेळ थांबायला सांगू का?" निरोप वाचून काका म्हणाले.

"तुमचं कुठे बोलणं आहे त्याच्याशी?" मावशी म्हणाल्या.

काकांनी स्कूटरची किल्ली खिशात टाकली.

मग त्यांनी रेकॉर्डिंगच्या खोल्या बांधून देणाऱ्या एका माणसाला बोलावलं. त्यानं भिंतींकडे पाहून एक आकडा सांगितला. काकांनी तो ऐकून त्याला पाणी दिलं, खाली फाटकापर्यंत पोचवलं आणि वर येऊन म्हणाले, "माणूस चांगला होता." खोली आपणच करायची, असं त्यातून ठरलं.

भिंतींना अंड्यांचे ट्रे लावले की आवाज येत नाही, हे काकांना तीन वेगवेगळ्या लोकांनी सांगितलं होतं. तिघांपैकी कुणीही ते करून पाहिलं नव्हतं. काकांनी बेकरीवाल्याकडून एकशे चाळीस ट्रे मिळवले, एकेक मोजून, ओळंबा लावून बैठकीच्या भिंतीवर चिकटवले. एकही ट्रे तिरका नव्हता. काम तीन दिवस चाललं. चौथ्या दिवशी मुंग्या आल्या. पाचव्या दिवशी मावशींनी मानेचे मणके पुन्हा वाचले.

"आता खोली घुमत नाही," तपासणीच्या बाईंनी कळवलं. "त्यामुळे हातोडी जास्त स्वच्छ ऐकू येते."

ट्रे उतरवले. मग गाद्या उभ्या करून झाल्या. मग मावशी कपाटात बसल्या. कपाट मोठं होतं, लटकवलेले कपडे आवाज खातात असं काकांनी कुठेतरी वाचलं होतं. मावशी स्टुलावर, डोक्यावर काकांचे कोट, मांडीवर पुस्तक, हातात टॉर्च. पाठीचे मणके त्यांनी असे वाचले. निरोप आला: "हातोडी थोडी लांब गेली आहे. पान एकोणीसपासून तुम्हाला धाप लागलेली ऐकू येते. बऱ्या आहात ना?"

एव्हाना चार महिन्यांतले साडेतीन उरले होते आणि पुस्तकातलं एकही हाड पुरं झालं नव्हतं.

शेवटी त्यांनी कोठीची खोली रिकामी केली. सहा फूट बाय सात फूट. त्यात पूर्वी जुनी भांडी, तुटक्या खुर्च्या आणि काकांचे मोजणीचे नकाशे असत. जेमतेम दीड फुटाची एक खिडकी, तीही रस्त्याकडेच. काकांनी टेप लावून दाराखालची फट मोजली: डावीकडे अकरा मिलिमीटर, उजवीकडे चौदा. हार्डवेअरच्या दुकानातून ते स्पंजची चिकटपट्टी घेऊन आले. ती हातात घेऊन रस्ता ओलांडताना समोरून डेंटरनं पाहिलं.

"हे कशाला?" त्यानं विचारलं. म्हणजे ओरडून विचारलं. वर खिडकीत उभ्या असलेल्या मावशींनाही ते ऐकू आलं.

काकांनी सांगितलं. डेंटर ओठांकडे पाहत असे, त्यामुळे काकांना सावकाश सांगावं लागलं. सगळं सांगून झाल्यावर त्यानं ती पट्टी दोन बोटांत दाबून पाहिली.

"ही धूळ अडवते," तो म्हणाला. "आवाज नाही." पट्टी परत देऊन तो आत गेला, हात धुऊन आला आणि काकांच्या मागोमाग जिना चढू लागला.

दारात मावशी उभ्या होत्या. अकरा वर्षांत काय बोलायचं याचा त्यांनी कधीमधी विचार केला होता, पण त्यात तो जिना चढून येईल असं कुठे नव्हतं.

"या," त्या म्हणाल्या.

"खोली कुठंय?" डेंटर म्हणाला.

तो खोलीत शिरला आणि एखादी ठोकर खाल्लेली गाडी पाहावी तशी त्यानं ती पाहिली. दारावर बोटाच्या पेरानं टकटक केलं. "पोकळ," तो म्हणाला. मग खिडकीतून खाली वाकून त्यानं आपल्या माणसाला हाक मारली आणि ठोकत राहायला सांगितलं. खाली हातोडी सुरू झाली. डेंटरनं डोळे मिटले आणि तळहात भिंतीवर ठेवला. मग दारावर. मग चौकटीवर. मग खिडकीच्या काचेवर. काचेवर हात बराच वेळ राहिला.

"भिंत चांगली आहे," तो म्हणाला. "काच थरथरते. दारही. आणि कडेकडेनं सगळं उघडंच आहे."

"तुम्हाला ऐकू येतं?" मावशींनी विचारलं.

त्यानं डोळे उघडले होते, त्यामुळे त्याला प्रश्न कळला. "हाताला येतं," तो म्हणाला. "पत्रा सरळ झाला की नाही, ते मला हातच सांगतो."

मग त्यानं दोघांना खोलीत उभं केलं, खिडकीवर काकांचा एक जाड नकाशा धरला आणि दार बंद केलं. "कुठे उजेड दिसतो?" बाहेरून आवाज आला. दाराच्या चारी बाजूंनी उजेडाची रेघ होती. खाली तर पट्टाच. चौकट भिंतीला मिळते तिथेही एका कोपऱ्यात करंगळी जाईल एवढं भोक होतं. चोवीस वर्षं त्या घरात राहून ते त्यांना ठाऊक नव्हतं.

"गाडीत बसून काचा लावा," दार उघडून डेंटर म्हणाला, "आणि मग एकच काच बोटभर खाली करा. अख्खा रस्ता आत येतो. बोटभरच येत नाही. तसंय हे. आधी फटी. मग वजन. अंड्याचे ट्रे शेवटी, तेही नाही लावले तरी चालेल."

ट्रेंचं त्याला कसं कळलं, हे मावशींनी काकांकडे पाहून विचारलं. काका नकाशाची घडी घालत होते.

काम नऊ दिवस चाललं. डेंटर सहानंतर येई, आठला जाई. गॅरेजच्या मागे दुरुस्तीपलीकडच्या दोन गाड्या पडून होत्या. त्यांच्या दारांचं रबरी बीडिंग त्यानं सोलून आणलं. ते पोकळ, गुबगुबीत रबर असतं. दार दाबून लावलं की चेपून बसतं. पण दार नुसतं टेकून उपयोग नव्हता, ते ओढून बसायला हवं होतं. म्हणून त्यानं मालट्रकच्या फळीला असते तशी एक कडी बसवली. ती खाली दाबली की दार चौकटीत रुतत असे. गाडीच्या पत्र्याच्या आतून एक डांबरी शीट चिकटवलेली असते. तशा शीट त्यानं कोठीच्या पोकळ दाराला दोन्ही बाजूंनी लावल्या, त्यावर जाड प्लायवूड. दार इतकं जड झालं की काकांना तिसरी बिजागरी बसवावी लागली. आता पेरानं टकटक केली तर टण् न होता थप् होई.

खिडकीसाठी काकांनी माप घेतलं. प्लायवूडचा एक बूच बनवायचा होता, चारी बाजूंनी रबर लावलेला, खिडकीच्या कोनाड्यात गच्च बसणारा, काचेपासून चार बोटं अंतर सोडून. काकांनी चार कोपरे, दोन कर्ण आणि मधली रुंदी तीन ठिकाणी मोजून कागदावर मांडली. कोनाडा चौकोनी नव्हता. एक बाजू सात मिलिमीटरनं कमी होती. डेंटरनं कागद पाहिला आणि पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "लोक मला सांगतात, 'अंदाजे कापा,'" तो म्हणाला. बूच पहिल्याच झटक्याला बसला. काका त्या दिवशी दोनदा चहा प्यायले.

एवढं झाल्यावर मावशींनी विचारलं, "पण आत श्वास कसा घ्यायचा?"

हा प्रश्न पुरुषमंडळींना सुचला नव्हता. डेंटरनं रात्रभर विचार केला असावा, कारण दुसऱ्या दिवशी तो एक लांबट लाकडी पेटी घेऊन आला. पेटीत आडव्या फळ्या अशा लावलेल्या की हवेला नागमोडी जावं लागे, आणि आतून सगळीकडे जुन्या सीटांचा फोम. पेटीचं एक तोंड स्वयंपाकघरात, दुसरं कोठीत. "सायलेन्सर आहे," तो म्हणाला. "गाडीचा धूर जातो, आवाज वाटेत मरतो. इथे उलटं, हवा आत येईल." हवा आली. फार नाही, वीस मिनिटं वाचता येई, मग दहा मिनिटं बाहेर येऊन बसावं लागे. काकांनी आत थर्मामीटर टांगला.

या नऊ दिवसांत टाळ्याचा विषय एकदाही निघाला नाही. शेवटच्या दिवशी हत्यारं गोळा करताना डेंटर एवढंच म्हणाला, "दुपारी दोन तास मी रंगाचं काम घेत जाईन. ठोकणार नाही."

"नको," मावशी म्हणाल्या. "मग खोली कशाला केली?"

दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीची परीक्षा झाली. डेंटरनं मुद्दाम एक टेम्पोचं दार फुटपाथवर आणून ठोकायला घेतलं. बसथांब्यावरच्या लोकांनी कानांवर हात ठेवले. खालच्या झेरॉक्सवाल्यानं बाहेर येऊन काय झालं म्हणून विचारलं. वर मावशींनी कडी दाबली आणि मानेचे सातही मणके एका दमात वाचले. लांब कुठेतरी, पलीकडच्या इमारतीत कुणी सतरंजी झटकावी, एवढंच येत होतं. माइक तोंडाजवळ ओढल्यावर तेही नाही.

निरोप आला. "हातोडी नाही. बस नाही. पान सात: पोट वाजलं. पान आठ: खुर्ची. पान नऊ: मनगटी घड्याळ. पानं उलटताना थांबत जा."

खोली शांत झाली की माणूसच वाजू लागतो, हे मावशींना नवीन होतं. त्यांनी घड्याळ काढून ठेवलं, खुर्चीऐवजी स्टूल घेतलं, नाश्ता करूनच आत जायला लागल्या. काकांनी पुस्तकाची शिवण सोडून पानं सुटी केली. तीन दिवसांत खांदा पुरा झाला.

चौथ्या दिवशी मावशी आत गेल्या, कडी लावली, आणि वाचायच्या आधी सहज, पहिल्यांदाच, नुसत्या बसून राहिल्या.

त्यांना एक सूर ऐकू आला. बारीक, सरळ, न तुटणारा. तो सूर त्यांनी झोपेतही ओळखला असता: रिसीव्हर उचलल्यावर येतो तसा. लाइन मोकळी आहे, नंबर फिरवा.

त्यांनी माइकची वायर काढली. सूर होता. लॅपटॉप बंद केला. दिवा बंद केला. मग बाहेर येऊन काकांना घराचा मेन स्विच बंद करायला सांगितलं. काकांनी कारण न विचारता केला. फ्रिज एक आचका देऊन गप्प झाला. मावशी पुन्हा आत गेल्या. सूर होताच. डावीकडून जास्त येत होता.

त्यांनी पाच मिनिटं रिकामीच रेकॉर्ड केली आणि तपासणीच्या बाईंना पाठवली. 'यात एक सूर येतो आहे का, पाहाल?'

"नाही," उत्तर आलं. "काहीच नाही. इतकं काहीच नाही की मी माझा हेडफोन दोनदा तपासला. खोली उत्तम झाली आहे."

म्हणजे सूर खोलीत नव्हता. तेहतीस वर्षं हेडसेट डाव्या कानाला लावलेला होता. इतकी वर्षं रस्त्यानं तो सूर झाकून ठेवला होता आणि आता रस्ता बाहेर ठेवला होता.

मावशी चार दिवस कोठीत गेल्या नाहीत. काकांना म्हणाल्या, गुडघे दुखतात. काकांनी विचारलं, बसून वाचायला गुडघे कशाला लागतात. मावशी म्हणाल्या, तुम्हाला नाही कळायचं. परीक्षा दोन महिने तीन आठवड्यांवर आली होती आणि पुस्तक कोपरापाशी अडकलं होतं.

पाचव्या दिवशी संध्याकाळी डेंटर आला. नवं रबर बसायला थोडे दिवस लागतात, कडी किती घट्ट झाली ते पाहायचं होतं. तो आत गेला आणि त्यानं दार लावून घेतलं. मावशी बाहेर उभ्या होत्या. मिनिटभरात कडी उघडली. तो बाहेर आला, समोरच्या खुर्चीवर बसला आणि तळहातानं दोन्ही कानांच्या मागे घासू लागला.

"बसलंय चांगलं," तो म्हणाला.

मावशींनी त्याच्यासमोर स्टूल ओढलं, म्हणजे त्याला ओठ दिसतील. "भाऊ, आत काही ऐकू आलं का?"

डेंटरनं त्यांच्याकडे पाहिलं. "तुम्हालाही येतं?"

"डाव्या कानात. फोनच्या लाइनसारखा."

"मला दोन्हीत. शिट्टी. कुकर होत आला की वाजते ना, पण थांबतच नाही." त्यानं हात कानांमागून काढले. "वीस वर्षं झाली. ठोकताना नाही येत. म्हणून तर मी जेवायला घरी जात नाही, गॅरेजमध्येच जेवतो, हाताखालचा माणूस ठोकत असतो. रविवार वाईट जातो."

मावशींनी मनातल्या मनात हिशेब केला. आठ दिवस टाळं होतं.

"ते आठ दिवस," त्या म्हणाल्या.

"हो. ते वाईट गेले," डेंटर म्हणाला. त्यात तक्रार नव्हती. मडगार्डला पोचा आहे म्हणावं तसं तो म्हणाला. "मी फिरत होतो. जिथे बांधकाम चाललंय तिथे जाऊन उभा राहायचो. लोकांना वाटायचं काम शोधतोय."

"मला माहीत नव्हतं."

"कुणालाच नव्हतं. बायकोलाही नाही. सांगून काय करायचं?"

काका चहा घेऊन आले होते. ते दारातच थांबले, मग कप ठेवून आत गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी कानाच्या डॉक्टरांकडे दोन नंबर लावले. डेंटरला सांगितलं, मडगार्डचं माप घ्यायला यायचंय, आणि स्कूटरवर मागे बसवून थेट दवाखान्यात नेलं. मावशी आधीच तिथे बसल्या होत्या.

डॉक्टरांनी दोघांचे कान तपासले, कागदावर उतरत्या रेघा काढून दाखवल्या. हा सूर बाहेरचा नाही, कानाचाच आहे. औषधानं जाईलच असं नाही. घाबरायचं कारण नाही. फक्त अगदी निःशब्द जागेत बसत जाऊ नका, आजूबाजूला थोडा आवाज असू द्या.

"थोडा म्हणजे किती?" काकांनी विचारलं. त्यांनी वही काढली होती.

महिनाभर खपून घरातला सगळा आवाज हाकलून दिल्यावर हा सल्ला मिळाला. मावशी घरी आल्या, थोडा वेळ बसल्या, आणि कोठीत जाऊन कडी लावली. डॉक्टर म्हणाले ते त्यांनी अर्धं पाळलं: हेडफोन लावून आपलाच आवाज कानात घेत वाचायचं ठरवलं. वाचत असताना सूर येत नव्हता. कोपर झालं, मनगट झालं, हाताच्या पंजाची सत्तावीस हाडं झाली. स्वल्पविरामाला सूर यायला वेळ नसे. पूर्णविरामाला मात्र येई.

आठवड्यानं निरोप आला. "वाचन स्पष्ट आहे. पण तुम्ही वाक्यं संपवत नाही आहात. मनगटाचं वाक्य थेट अंगठ्यात गेलं आहे. पूर्णविराम घ्या."

मावशींनी दोन दिवस उत्तर दिलं नाही. मग जे नवऱ्यालाही धड सांगितलं नव्हतं ते त्या बाईंना लिहून पाठवलं, ज्यांना त्यांनी गेल्या दोन महिन्यांत पाहिलंही नव्हतं. कान, हेडसेट, सूर, पूर्णविराम, सगळं.

उत्तर लगेच आलं. "मग थांबू नका. वाचत जा. वाक्यांमधली जागा मी इथे घालून देते."

आणि त्या बाई ते करत राहिल्या. पुढच्या दीडशे पानांत एकेका वाक्यानंतर एकेक पूर्णविराम त्यांनी हातानं घातला. मावशींना हे किती वेळखाऊ काम आहे ते पुढे कळलं. पावलाच्या हाडांपर्यंत येईतो त्यांना सुराची सवय झाली होती, आणि त्या स्वतःच थांबू लागल्या होत्या; आधी एक मोजून, मग दोन. एकदा तर सुराकडे लक्ष जायच्या आतच पुढचं वाक्य सुरू झालं. शेवटचं पान परीक्षेच्या सोळा दिवस आधी गेलं. निरोप आला: "मिळालं. दुरुस्ती नाही." तपासणीच्या बाईंकडून याहून मोठं काही कुणाला मिळाल्याचं ऐकिवात नव्हतं.

डेंटरनं कानातलं मशीन घेतलं. गॅरेजमध्ये तो ते लावत नाही. लावलं तर आपण एवढ्या मोठ्यानं ठोकतो हे आपल्यालाच सहन होत नाही, म्हणतो. रविवारी घरी लावतो. मावशींनी खांद्याच्या प्रकरणाचं रेकॉर्डिंग त्याला दिलं होतं, कारण ठोकून ठोकून त्याचा उजवा खांदा आखडला होता आणि पुस्तकात त्याचे व्यायाम होते. भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा, असा एक व्यायाम आहे. तो गॅरेजच्या भिंतीवर तो करतो आणि काका शेजारी उभे राहून आज बोटं कुठवर गेली ते खडूनं लिहितात. नंतर त्यानं उरलेलं पुस्तकही मागून घेतलं. रविवारी सकाळपासून ऐकत बसतो. त्यातलं निम्मं आपल्याला कळत नाही, पण शिट्टीपेक्षा बरं, असं त्यानं मावशींना सांगितलं. मावशींनी ते कौतुक म्हणून घेतलं.

निकाल लागल्यावर त्या मुलीचा फोन आला. ती पास झाली होती, चांगल्या गुणांनी. एका दवाखान्यात तिला कामही मिळत होतं. मावशींनी अभिनंदन केलं आणि मानेचे मणके नीट ऐकू आले का, ते विचारलं.

"सगळं छान ऐकू आलं," मुलगी म्हणाली. मग जरा अडखळली. "मावशी, तुम्हाला बरं वाटत नाहीये का?"

"का गं?"

"फार हळू बोलताय."

"मी नेहमी अशीच बोलते."

"हो का? मी तुम्हाला तीन महिने दुप्पट वेगानं ऐकलं ना," मुलगी म्हणाली. "आम्ही सगळेच तसं ऐकतो. नाहीतर पुस्तकं संपतील कधी? आणि ते वाक्यांनंतरचं थांबणं असतं ना, ते मी बंद करून टाकते. मोबाइलमध्ये तशी सोय आहे."

मावशींनी रिसीव्हर उजव्या कानावरून डाव्यावर घेतला, मग पुन्हा उजव्यावर.

"तपासणीच्या बाईंना हे सांगितलंस?" त्यांनी विचारलं.

"नाही. सांगू?"

"नको," मावशी म्हणाल्या.